विषय क्रमांक १९: कोंबडा

आमच्या घरासमोरच्या रस्त्याच्या पलीकडे शहर आहे आणि अलीकडे काऊंटी, म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. कॅलिफोर्नियात असे तुकडे जागोजागी सापडतात. शहर वाढत आलं, आजूबाजूचं सगळं गिळलं, आणि मधल्या चार गल्ल्या कुणाच्या आळसामुळे म्हणा किंवा कुणाच्या हुशारीमुळे म्हणा, हद्दीबाहेर राहून गेल्या. पलीकडच्यांना महापौर आहे, कौन्सिल आहे, फूटपाथ आहे. आम्हाला काऊंटीचं निवडून आलेलं मंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स आहे. पलीकडच्यांना कोंबडा पाळायला बंदी आहे. अलीकडे नाही. शेजारच्या आजोबांनी या सवलतीचा लाभ घेतलाय आणि आम्ही तो ऐकतो.

कोंबडा पहाटे आरवतो हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं, त्याच्या शेजारी कोंबडा नसणार. हा साडेतीनला आरवतो, दुपारी आरवतो, कचऱ्याची गाडी आली की आरवतो, आणि माझी पुण्याच्या टीमशी मीटिंग सुरू झाली की गळा साफ करून आरवतो. तिकडचा एक मुलगा मला परवा आदराने म्हणाला, "मॅडम, गावी आलाय का?"

प्राण्यांच्या तक्रारी घेणाऱ्या खात्याला फोन केला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. कोंबड्याविरुद्ध सध्या नियम नाही, पण नियम येतोय. मंगळवारी बोर्डापुढे सुनावणी आहे, येऊन बोला. नवरा म्हणाला, "जाऊन ये की, तुला बोलायला आवडतंच," आणि कानात बोळे घालून झोपला.

आमच्या सासूबाई, म्हणजे आई, तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सातारा जिल्ह्यातलं गाव. ७३वी घटनादुरुस्ती होऊन ग्रामपंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना उभं केलं होतं. बेत असा होता की सह्या आईंनी करायच्या आणि कारभार सासऱ्यांनी. पहिल्याच मासिक सभेत आईंनी दिवाबत्तीच्या बिलावर तीन प्रश्न विचारले आणि तो बेत मोडीत निघाला.

"मी पण येते," त्या म्हणाल्या. "बघू तरी ह्यांची सभा कशी असती. विषयपत्रिका काढ."

ती काढायची म्हणजे प्रिंटरचं वाटोळं. १९५३ सालचा ब्राऊन ॲक्ट नावाचा इथला कायदा सांगतो की नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लोकांसाठी लावली पाहिजे. लावतात, आणि सोबत प्रत्येक विषयाची टिप्पणी, करारनामे, नकाशे अशी शेकडो पानंही लावतात. मी फक्त मुख्य यादी छापली. आईंनी चष्मा लावून, इंग्रजी येत नसताना, शेवटचं पान आधी पाहिलं.

"ऐनवेळचे विषय कुठंयत?"

"तसं नसतं आई इथे. जे यादीत नाही त्यावर बोर्डाला चर्चाही करता येत नाही. लोक काहीही बोलू शकतात, पण बोर्डाने ऐकून घ्यायचं, फार तर एखादं वाक्य बोलायचं. अगदीच तातडीचं असलं तरच वेगळं, आणि त्याला दोन तृतीयांश मतं लागतात."

आईंनी कागद खाली ठेवला. "ऐनवेळचा विषयच न्हाई? मग सदस्य येत्यात कशाला?"

गाडीत त्यांना काऊंटी समजावून सांगितली. राज्यात ५८ काऊंट्या. तुरुंग, निवडणुका, मालमत्ता कर, जन्ममृत्यूच्या नोंदी, गरिबांची मदत, आणि शहराबाहेरच्या रस्त्यांपासून कोंबड्यांपर्यंत सगळं यांच्याकडे. सॅन फ्रान्सिस्कोत सुपरवायझर ११, बाकी सगळीकडे ५. लॉस एंजेलिस काऊंटीत माणसं एक कोटी, सुपरवायझर ५. (आता २०२४च्या मतदानात लोकांनी ते ९ करायचं ठरवलंय, पण अजून वेळ आहे.) आणि डोंगरातल्या अल्पाइन काऊंटीत २०२०च्या जनगणनेत माणसं १,२०४, सुपरवायझर ५.

"बाराशेला पाच? आमच्यापेक्षा बरं की," आई म्हणाल्या. "पर तिथं निवडून यायला लई अवघड. समदे ओळखीचे."

दारात मेटल डिटेक्टर होता. आईंच्या पिशवीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा निघाला, औषधं निघाली, आणि अडकित्ता निघाला. पहारेकऱ्याने तो दोन बोटांत धरून उघडला, मिटला, पुन्हा उघडला. हे हत्यार आहे का दागिना, हे त्याला ठरवता येईना, कारण मुठीला मोराची नक्षी होती. मी सुपारी समजावून सांगितली. सुपारीने प्रकरण वाढतंय असं दिसल्यावर आम्ही बिल्ला घेऊन अडकित्ता त्याच्याकडे ठेवला.

सभा नऊला सुरू झाली. सगळे उठून ध्वजाकडे तोंड करून प्रतिज्ञेला उभे राहिले, उजवा हात छातीवर. आईंनी उजवा हात समोर ताठ धरला आणि ओठांतल्या ओठांत "भारत माझा देश आहे" सुरू केलं. दोन्ही प्रतिज्ञा जवळजवळ एकदमच संपल्या. आईंची थोडी मागे राहिली, तेवढं सभागृह उभं होतं.

मग सत्कार. मार्चचा पहिला आठवडा हा इथे वजनमापे सप्ताह असतो, कारण या देशाचा वजनमापांचा पहिला कायदा २ मार्च १७९९ रोजी जॉन ॲडम्स यांच्या सहीने झाला. काऊंटीचे वजनमापे अधिकारी पितळी वजनांची पेटी घेऊन आले होते. पेट्रोलपंप, दुकानातले काटे, स्कॅनर हे सगळं तपासणारी ही माणसं. त्यांना मानपत्र दिलं, पाचही सुपरवायझर खाली उतरले, फोटो झाला. आई मनापासून टाळ्या वाजवत होत्या. "मापात पाप धरणाऱ्याचा सत्कार करत्यात. आमच्याकडं बदली करत्यात."

त्यानंतर जे झालं ते इतकं झटपट झालं की मी पर्समधून पाण्याची बाटली काढेपर्यंत उरकलं. याला कन्सेंट कॅलेंडर म्हणतात. यादीतले नेहमीचे, वाद नसलेले विषय एकत्र बांधून एकाच मताने मंजूर करायचे. पूल दुरुस्तीचा ठेका, रुग्णालयाच्या यंत्रांची खरेदी, मागच्या सभेचं इतिवृत्त, कुठल्याशा समितीचा अहवाल स्वीकारून दप्तरी दाखल. सूचक, अनुमोदक, पाच होकार, संपलं. कुणाला एखादा विषय वेगळा काढून बोलायचा असेल तर आधी सांगायचं. कुणी सांगितलं नाही. मी त्यातले आकडे वाचत बसले आणि डॉलरांचे रुपये करायचं मध्येच सोडून दिलं.

"किती रकमेचं मंजूर झालं?" आईंनी विचारलं. मी अंदाज सांगितला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तोच सांगितला. मग त्या बराच वेळ गप्प होत्या.

सगळ्यात जास्त मजा त्यांना पुढच्या प्रकाराची आली. अध्यक्षबाईंनी जाहीर केलं की आता ही सभा तहकूब होत असून बोर्ड पूरनियंत्रण जिल्हा नावाच्या वेगळ्या संस्थेचं संचालक मंडळ म्हणून बसत आहे. कुणी उठलं नाही, कुणी आलं नाही. तेच पाच जण, त्याच खुर्च्या, तेच पाण्याचे पेले. हातोडा एकदा वाजला आणि सुपरवायझरांचे संचालक झाले. संचालकांनी एक नाला साफ करायचा करार काऊंटीबरोबर करायला मान्यता दिली. हातोडा वाजला, संचालकांचे सुपरवायझर झाले, आणि त्यांनी तोच करार काऊंटीच्या बाजूने मान्य केला. एकमताने. मतभेद झाले असते तर मात्र बघण्यासारखं झालं असतं.

"बहुरूपी हायत," आई कौतुकाने म्हणाल्या.

कोंबड्याची सुनावणी यादीत 'सकाळी १०.००च्या आधी नाही' अशी होती. या वाक्यात फसवणूक अजिबात नाही. दुपारचे दोनसुद्धा सकाळी दहाच्या आधी नसतात. मधे पाचही जण न्यायालयीन प्रकरणांवर बोलायला बंद दाराआड गेले. बाहेर आल्यावर वकिलांनी सांगितलं की कळवण्यासारखं काही नाही. आई म्हणाल्या, "जेवून आले." आम्ही व्हरांड्यात लाडू खाल्ले. सभागृहात मागच्या रांगेतले एक गृहस्थ प्रत्येक विषयावर बोलले: पूल, ग्रंथालय, सर्प. सर्प कुठल्याच विषयात नव्हते. त्यांना ते ठाऊक होतं, बोर्डाला ठाऊक होतं, आणि घड्याळाचा लाल दिवा लागेपर्यंत सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

शेवटी १९ नंबर पुकारला आणि अर्धं सभागृह उठून रांगेत उभं राहिलं. कोट्यवधींच्या कन्सेंट कॅलेंडरला एकही माणूस नव्हता. कोंबड्याला बावीस. शहरी चेहऱ्याच्या झोपमोड झालेल्या बायका, हॅट घातलेले शेतकरी, छातीशी कोंबडीचा फोटो धरलेली एक शाळकरी मुलगी, आणि सर्पवाले गृहस्थ. आमच्या शेजारचे आजोबाही होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मला बघून त्यांनी हात केला, मीही केला. वैर असलं तरी शेजार आहे.

खात्याच्या अधिकाऱ्याने पडद्यावर मसुदा दाखवला. चारपेक्षा जास्त कोंबडे पाळायचे असतील तर परवाना लागेल. झुंजीसाठी कोंबडे बाळगणाऱ्यांना आळा घालणं हा हेतू. चारपर्यंत काही नाही.

चारपर्यंत. मी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी एक बोट वर केलं आणि हसले.

बोलणारे फार म्हणून अध्यक्षबाईंनी दोन मिनिटांचं एक मिनिट केलं. माझं भाषण दोन मिनिटांचं होतं, बाथरूममध्ये घड्याळ लावून बसवलेलं. मी प्रस्तावनाच करत होते तेवढ्यात पिवळा दिवा लागला, आणि 'साडेतीन वाजता' या शब्दांवर लाल. मागे वळते तर आई माइकपाशी येऊन उभ्या.

चिठ्ठी त्यांनी कधी भरून दिली कोण जाणे. बहुधा शाळकरी मुलीकडून भरून घेतली असावी. मी अध्यक्षबाईंना म्हटलं, या माझ्या सासूबाई, इथल्या रहिवासी नाहीत, इंग्रजी येत नाही. कारकून बाई लगेच म्हणाल्या, रहिवासी असायची अट नाही, नावसुद्धा सांगायची सक्ती नाही, आणि दुभाषी असेल तर कायद्याने किमान दुप्पट वेळ. म्हणजे मला एक मिनिट आणि आईंना दोन. दुभाषी मीच.

"सन्माननीय अध्यक्षताई, सर्व सदस्य, भाऊसाहेब, आणि जमलेल्या माझ्या बंधूभगिनींनो," आईंनी सुरुवात केली. भाऊसाहेब म्हणजे कोपऱ्यात बसलेले काऊंटीचे मुख्य अधिकारी. ग्रामसेवकाला त्यांनी जागेवरून ओळखलं होतं. "मघाशी तुम्हीच तुमच्याशी नाल्याचा करार केला, त्याची आधी कागदपत्रं बघितली पायजेत." हे मी भाषांतरात गाळलं. "आता कोंबड्याचं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत न्हाई, हे खरं हाय. पर झाकलं की आरवत न्हाई, हेबी खरं हाय. माझी सून म्हणती कोंबडा नको, ते म्हणत्यात हवा. आवो, रातच्याला डालग्याखाली घाला. वर गोणपाट टाका. उजेड दिसला न्हाई आणि मान ताणायला जागा न्हावली, की तो गप बसतोय. सात वाजता काढा. आमच्यात पोरींना ठाऊक असतंय हे."

डालगं मी हातांनी दाखवलं. पडद्यावर दोन बायका हवेत टोपली विणताना दिसत होत्या. हॅटवाले शेतकरी माना डोलावत होते.

तिसऱ्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे मतदारसंघाच्या, सुपरवायझरनी चष्मा काढला. रात्री बंदिस्त ठेवण्याची तरतूद मसुद्यात आहे का? अधिकारी म्हणाले, नाही. घालता येईल का? वकील उठले. काऊंटीचा नियम आज सादर व्हायचा, किमान पाच दिवसांनी मंजूर व्हायचा, आणि त्यानंतर ३० दिवसांनी लागू. सादर झाल्यावर मजकूर बदलला तर पाच दिवस पुन्हा मोजायचे. तेव्हा आजच परत पाठवून नीट लिहून आणलेला बरा. सूचक, अनुमोदक, पाच होकार. विषय जूनवर.

म्हणजे आधी निदान चारची मर्यादा तरी येत होती. आता जूनपर्यंत कुणी चाळीस पाळले तरी चालतील.

अडकित्ता परत घेताना शेजारचे आजोबा भेटले. त्यांनी आईंकडून डालग्याची मापं खुणांनी घेतली आणि फोनमध्ये टिपून ठेवली. आईंनी त्यांना उरलेला लाडू दिला. मला विचारलं नाही.

पुढच्या सभेची यादी लागली तेव्हा आईंनी मला इतिवृत्ताचा मसुदा उघडायला लावला. "माझं नाव बघ." नव्हतं. बावीस नागरिकांनी मत मांडलं, एवढंच. सूचक म्हणून ज्यांचं नाव ग्रामपंचायतीच्या वहीत वर्षानुवर्षं आलं, त्या बाईंना हे मान्य होण्यासारखं नव्हतं. इतिवृत्ताची मंजुरी कन्सेंट कॅलेंडरमध्ये होती. "तो विषय वेगळा काढायला सांगायचा," त्या म्हणाल्या. ही सोय एकदाच ऐकली होती त्यांनी.

"आई, मला मंगळवारी मीटिंग आहे. आणि जूनमध्ये कोंबडा येईल तेव्हा तुम्ही साताऱ्याला असाल."

"झूमवरनं बोलता येतंय, ती कारकून बाई म्हणत होती. हितं सकाळचे नऊ म्हंजे तिकडं किती?"

"रात्रीचे साडेनऊ."

"जमतंय. जेवणं झालेली असत्यात," आई म्हणाल्या. "आणि दुभाषी तू हायसच."