गरुडाचं नाव दोन याद्यांत

जानेवारीत काझीरंगाला जाऊन आले. फोटो टाकले तेव्हा तुम्ही सगळे गेंड्यावर तुटून पडलात. एका फोटोत काटेसावरीच्या शेंड्याजवळ काटक्यांचा भला मोठा ढीग आणि त्याच्या कडेला एक फिकट डोकं एवढंच दिसत होतं, त्याला अकरा लाईक. त्यातला एक माझ्या आईचा, ती सगळ्यालाच करते. आज त्या अकरा लाईकवाल्याबद्दल बोलायचंय, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

पूर्वेकडच्या आगरातोली रेंजमध्ये सोहोला नावाचं बील आहे. बील म्हणजे पाणथळ, मोठं तळं म्हणा. ड्रायव्हरने जिप्सी बंद केली आणि पक्षी दिसायच्या आधी आवाजच आला, घोगरा, भुंकल्यासारखा. मी चटकन म्हणाले, इथे जंगलात कुत्रा कुठून आला? आमचा गाईड पोट धरून हसला. तो मला बाईदेउ म्हणायचा, म्हणजे ताई. "कुत्रा नाही बाईदेउ, कुरुवा."

कुरुवा म्हणजे पल्लासचा मत्स्यगरुड. पंख पसरले की सहा-सात फूट, अंग गडद तपकिरी, डोकं आणि मान सायीच्या रंगाची, आणि काळसर शेपटीवर मधोमध एक रुंद पांढरा पट्टा. तो पट्टा लक्षात ठेवायचा, कारण राखी डोक्याचा मत्स्यगरुडही तिथेच असतो, त्याची शेपूट बुडाशी पांढरी आणि टोकाला काळी. मी आधी दोनदा चुकले, कबूल करते.

आता आकडा सांगते, मग कळेल मी एवढी का पेटलेय. एकट्या काझीरंगात २०२२ च्या मोजणीत २,६१३ गेंडे निघाले. आणि या गरुडाचे प्रौढ पक्षी सगळ्या जगात मिळून साधारण १,००० ते २,५०० धरतात. जगात! २०१७ साली धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत (आययूसीएनची) त्याला 'असुरक्षित' मधून काढून त्याहून गंभीर अशा 'संकटग्रस्त' मध्ये टाकलं.

आणि या आकड्यामागची गोष्ट मला जाम आवडली, म्हणजे आवडली म्हणणं चूक आहे पण आहेच तशी. पुस्तकातला नकाशा बघितलात तर हा पक्षी केवढा पसरलेला दिसतो, कॅस्पियन समुद्रापासून मंगोलिया, तिबेट, खाली आपल्या उत्तरेकडची मैदानं, बांगलादेश, म्यानमार. पीटर सायमन पल्लास या जर्मन निसर्ग अभ्यासकाने १७७१ साली रशियाच्या त्या बाजूचा पक्षी बघूनच त्याचं वर्णन केलं होतं. त्यामुळे सगळ्यांचा समज असा की उत्तरेत दिसतात ते तिथे वीण करतात आणि दक्षिणेतले वेगळे, इथे वीण करतात. मग मंगोलियात शोधायला गेले तर उन्हाळ्यात पक्षी आहेत पण घरट्यांचा पत्ता नाही. आणि पाठीवर ट्रान्समीटर लावल्यावर कळलं की अरे, हे तर आपलेच! थंडीत उत्तर भारत-बांगलादेशकडे घरटं करायचं आणि उन्हाळा-पावसाळ्यात हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जायचं. म्हणजे गावच्या मतदार यादीत पण नाव आणि पुण्याच्या यादीत पण नाव, माणूस मात्र एकच. कझाकस्तानात पूर्वी खरीच वीण व्हायची, ती आता थांबलेली आहे. एवढ्या मोठ्या नकाशात खरा संसार थाटायच्या जागा म्हणजे हाताच्या बोटावर मोजाव्यात इतकी ठिकाणं, आसाममधलं ब्रह्मपुत्रेचं खोरं, कॉर्बेटच्या बाजूला रामगंगा, बांगलादेशात सुनामगंजकडचे हाओर (पावसात भरणाऱ्या विस्तीर्ण पाणथळी), म्यानमारचा काही भाग, अशी.

थंडीत वीण का, हे मी गाईडला विचारलं. त्याने समोर हात केला, म्हणाला, पावसात या इथे आपल्या डोक्यावरून पाणी असतं, गढूळ, कुरुवाला मासा दिसणार कसा? पटलं एकदम. पूर ओसरला की पाणी निवळतं, बील आक्रसतं, मासे एका जागी गोळा होतात, तेव्हा पिल्लं वाढवायची. आणि तिकडे उत्तरेतली तळी तेव्हा गोठलेली असतात, बर्फातून काय खाणार. शिवाय हा काही फार सज्जन पक्षी नाही हं, दुसऱ्याने पकडलेला मासा हिसकावण्यात पटाईत आहे. आमच्यासमोरच एका घारीच्या मागे लागून तिला मासा टाकायला लावला, घार बिचारी बराच वेळ वर ओरडत फिरत होती.

घरटं पाण्याजवळच्या उंच झाडावर, आणि वर्षानुवर्षं तेच, दरवर्षी त्यावर नवीन काटक्यांची भर. अंडी बहुतेक दोन-तीन. साधारण चाळीस दिवस उबवायचं, मग पिल्लू उडेपर्यंत अजून अडीच-तीन महिने. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू केलेलं काम मार्च-एप्रिलपर्यंत चालतं, आणि यात मध्ये झाड गेलं तर त्या वर्षीचं सगळं गेलं. म्हणून मी ज्याला त्याला सांगत सुटलेय की झाड बघा. काटेसावरीसारखं झाड कोणाला महत्त्वाचं वाटत नाही, फळ नाही, सावली धड नाही, लाकूड हलकं, काडेपेटीच्या आणि प्लायवूडच्या कामाचं, विकून टाका. बांगलादेशात तर हे गरुड वस्तीतल्या मोठ्या झाडांवरही घरटी करतात, म्हणजे कोणाच्या तरी परसात, आणि त्या माणसाला मुलीच्या लग्नाला पैसे लागले की त्या झाडाचं काय होणार ते आपल्याला काय सांगायला हवं? मला त्या माणसाचा राग येत नाही. त्याला झाड ठेवायचे पैसे द्यावेत असं माझं सरळ मत आहे, भाषणं देऊ नयेत.

दुसरं जलपर्णी. पंचगंगा, इंद्रायणी बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याला डास आणि वास दिसतो, पण वरून मासा शोधणाऱ्या गरुडाला ती हिरवी सतरंजी म्हणजे दुकानाचं शटर बंद.

आता ज्यावर शिव्या खायच्या आहेत तो मुद्दा. परत आल्यावर मी एका फोटोग्राफीच्या ग्रुपवर हे सगळं लिहिलं तर एक काका म्हणाले, मॅडम उगाच घाबरवता, मी तीन ट्रिपमध्ये तिन्ही वेळा पाहिलाय, भरपूर आहेत. काका, दिसतो म्हणजे वाढतो असं नसतं हो! मोठा गरुड वर्षानुवर्षं जगतो. एकच जोडी त्याच बीलावर तुम्हाला तिन्ही वेळा दिसली असेल, आणि तिन्ही वर्षं तिचं एकही पिल्लू उडालं नसेल. गाव बघा ना कोकणातलं, घराघरात आजी-आजोबा आहेत म्हणून गाव भरलेलं वाटतं, शाळेच्या पटावर मुलं किती ते विचारा.

मोजायची ती घरटी, आणि उडालेली पिल्लं. अमेरिकेचा तो प्रसिद्ध पांढऱ्या डोक्याचा गरुड याच्याच कुळातला. १९६३ मध्ये अलास्का सोडून उरलेल्या सलग अमेरिकेत त्याच्या ४१७ जोड्या उरल्या होत्या. बघा, जोड्या मोजल्या होत्या, म्हणून संकट केवढं ते आकड्यात दिसलं. १९७२ मध्ये डीडीटीवर, म्हणजे ज्याने त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटायची त्या कीटकनाशकावर, बंदी आली, घरट्यांना संरक्षण मिळालं, आणि २००७ मध्ये तो धोक्याच्या यादीतून बाहेर पडला. आपल्याकडेही चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी कोकण किनाऱ्यावर समुद्री गरुडांचा सर्व्हे केलाच की, आणि गंमत म्हणजे त्याच फिरण्यात त्यांना वेळासची कासवं सापडली. घरटी शोधत पायी फिरलं की असं काहीबाही हाती लागतं, हॉटेलच्या गच्चीवरून नाही लागत.

आणि हो, घरट्याचं लोकेशन. त्या अकरा लाईकवाल्या फोटोखाली पाच कमेंट होत्या, त्यातल्या तीन "लोकेशन प्लीज". मी आधी एकाला इनबॉक्समध्ये सांगितलं पण होतं, मग स्वतःचीच लाज वाटून मेसेज डिलीट केला, त्याने वाचला असणारच. सोहोला बील वर लिहिलंय कारण तिथे पक्षी दिसतो हे सगळ्यांना माहीत आहे. झाड तिथलं नाही, एवढंच सांगते. तेव्हा विचारू नका.

एप्रिलमध्ये गाईडचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्याकडे बिहूच्या सुमारास बोरदोईसिला येते, म्हणजे वादळ, आपल्या वळवाची मोठी बहीण. दोन झाडं पडली म्हणाला, आपलं नाही पडलं. "आपलं" म्हणाला, मला फार बरं वाटलं. एक पिल्लू उडताना त्याने बघितलं, दुसरं होतं की नाही माहीत नाही, आता जोडी दिसत नाही, गेली असणार वर. मंगोलियात कुठल्यातरी तळ्याकाठी आत्ता एखादा माणूस तिला बघून वहीत लिहीत असेल, दोन प्रौढ, घरटं नाही.

ऑक्टोबरात गाईडला फोन करायचाय.