पिन किंचित फिरवली, एवढंच

आमच्या पियानोची मधली एक पांढरी पट्टी खडखडायला लागली. सूर निघायचा, पण सोबत 'खट्'ही. 88 पट्ट्यांपैकी नेमकी हीच मला प्रत्येक गाण्यात लागते, हे तिला ठाऊक असणार.

कारण साधं. पट्टीच्या पुढच्या टोकाला खालून एक खाच असते, खाचेत पिन शिरते आणि दोन्ही बाजूंना लोकरीच्या कापडाचं बुशिंग, म्हणजे अस्तर. कापड झिजलं की पट्टी डुलते. मात्र ही पिन गोल नसते, लांबट असते. जराशी फिरवली की रुंद बाजू आडवी येते आणि ढिलाई जाते. म्हणजे दुरुस्ती फुकट! हे मला कळायलाच नको होतं.

त्यासाठी वेगळं अवजार असतं. माझ्याकडे पक्कड होती. पट्टी उचलून काढली, पिन केसभर फिरवली, पट्टी बसवली. खडखड गायब! घरच्यांना बोलावून तो एकच सूर चार वेळा ऐकवला. मग हात शिवशिवायला लागले. शेजारच्या सहा पट्ट्यांची काहीच तक्रार नव्हती; पुढेमागे असेल म्हणून त्यांच्याही पिना फिरवल्या.

चार दिवसांनी हवा दमट झाली. लाकूड फुगलं, लोकर फुगली आणि सातही पट्ट्या दाबल्या की खालीच बसायला लागल्या. उजव्या हाताने वाजवायचं, डाव्या हाताने उपटायचं, असं माझं वादन सुरू झालं.

पियानोचे सूर जुळवणारे ट्यूनर आले. एक पट्टी काढून पिनेवरून बोट फिरवलं. "पक्कड?"

मी मान हलवली.

"ओरखडे बघा. ही पिन आता कानशीसारखं कापड खाणार. शिवाय फिरवलेली पिन कडेनं घासते. जुनं कापड वाफेवर सोडवून नवं चिकटवायचं, हा खरा उपाय. एका पट्टीला चार तुकडे, दोन पुढे, दोन मधल्या पिनेला."

352 तुकडे! मी हबकलो. "कापडाऐवजी दुसरं काही नाही का?"

"स्टाइनवे या पियानो कंपनीनं 1962 साली तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या सांध्यांत टेफ्लॉनची बुशिंगं घातली होती. टेफ्लॉन फुगत नाही, पण भोवतीचं लाकूड फुगतं, आकसतं. सांधे टिकटिक करायला लागले. शेवटी परत कापडच."

"म्हणजे नसता उद्योग त्यांनीही केलाच की," मला जरा बरं वाटलं.

"केला," पिना एकेक करून सरळ करत ते म्हणाले, "पण पकडीनं नाही."