घर धुऊन नेणारा पाहुणा कसा बोलवावा

तुमच्याकडे एखादं साम्राज्य पडून असेल आणि ते रीतसर लुटवून घ्यायचं असेल, तर दिल्लीचा मुघल बादशहा मोहम्मदशाह याच्याकडून शिका. लोक त्याला 'रंगीला' म्हणतात आणि सगळा दोष नाचगाण्यावर ढकलतात. हा अन्याय आहे. नुसत्या नाचगाण्यानं दिल्ली लुटली जात नाही, त्यासाठी अख्ख्या दरबारानं राबावं लागतं.

इराणचा नादिरशाह वकील पाठवतोय: कंदाहारहून पळणाऱ्या अफगाणांना तुमच्या हद्दीत थारा देऊ नका. उत्तर देऊ नका. नाही म्हटलं तर भांडण, हो म्हटलं तर काम. वकिलाला दिल्लीतच ठेवून घ्या आणि घोंगडं भिजू द्या. काबूलचा सुभेदार फौजेच्या थकलेल्या पगारासाठी लिहील. सुभेदार रडतातच, म्हणून तोही कागद बाजूला सारा. १७३८ च्या उन्हाळ्यात काबूल गेलं तरी घाबरायचं कारण नाही. मधे खैबर आहे, सिंधू आहे, पंजाबच्या पाच नद्या आहेत. नद्यांना पगार द्यावा लागत नाही.

भ्यायचंच असेल तर दक्षिणेकडे तोंड करून भ्या. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत येऊन गेला होता. त्याला आवरायला निघालेला निजाम भोपाळला कोंडला गेला आणि बादशहाकडून ५० लाख मिळवून देतो, असं कबूल करून सुटला. हा आकडा लक्षात ठेवा.

२४ फेब्रुवारी १७३९, कर्नाल. नादिरशाह समोर येऊन ठाकलाय. बादशहाचा अवधचा सुभेदार सादतखान आदल्या रात्री दमूनभागून छावणीत पोचलाय. त्याचं मागून येणारं सामान नादिरशाहाचे लोक लुटतायत म्हटल्यावर तो तसाच धावला. बादशहाचा मीरबक्षी, म्हणजे फौजेचा कारभार पाहणारा, खानदौरान त्याच्या मदतीला गेला, निजाम मात्र छावणीजवळच थांबला. काही तासांत खेळ आटोपला. खानदौरान जखमांनी मेला, सादतखान कैद झाला. निजामानं तहाची बोलणी केली. रक्कम? ५० लाख! माणसाचा दर ठरलेला असावा.

इतक्यावर नादिरशाह परत फिरला असता. म्हणून आता खरी कळ दाबा: मेलेल्या खानदौरानचं मीरबक्षीपद निजामाला द्या. त्यावर डोळा ठेवून बसलेला सादतखान नादिरशाहाच्या कानाला लागेल. ५० लाख काय घेऊन बसलात, दिल्लीत चला, २० कोटी निघतील. पाहुण्याला एवढं अगत्याचं आमंत्रण घरच्याशिवाय कोण देणार? सादतखान स्वतः वसुली पाहायला उरला नाही. दिल्लीत पोचताच मेला, विष घेऊन म्हणतात.

पुढच्या भागात सल्ला देण्यासारखं काही नाही. पहाडगंजात धान्याच्या भावावरून तंटा झाला, नादिरशाह मेल्याची आवई उठली, त्याचे शिपाई मारले गेले. २२ मार्चला तो चांदणी चौकातल्या सोनेरी मशिदीत येऊन बसला आणि कत्तलीचा हुकूम सुटला. दुपारपर्यंत हजारो माणसं गेली. त्यांच्यातल्या कुणाला मीरबक्षी व्हायचं नव्हतं.

मे महिन्यात पाहुणा निघाला तेव्हा मयूरासन आणि कोहिनूर त्याच्या सामानात होते. सिंधूपलीकडचा मुलूख मोहम्मदशाहानं लिहून दिला. त्याबदल्यात पाहुण्यानं त्याचाच मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला. एवढी लूट हाती आली की नादिरशाहानं इराणात तीन वर्षांचा कर माफ केला. कर माफ करावा तर असा, दुसऱ्याच्या खजिन्यातून.

तुमचंही आसन गेलं तर नवं करवून घ्या. मोहम्मदशाह त्यानंतर नऊ वर्षं बादशहा होता.