येथून फाडावे

मोठ्या दुकानात पोह्यांच्या कप्प्यासमोर उभा राहून एखादा गृहस्थ पाकिटाचा फोटो काढताना दिसला, तर त्याला हसू नका. तो फोटो बायकोला पाठवून 'हेच का?' असं विचारत असेल, हे शक्य आहे. पण बहुतेक वेळा तो बिचारा फोटो दोन बोटांनी मोठा करून त्यात तारीख शोधत असतो. पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं, 'तारीख, बॅच क्रमांक व किंमत पाकिटाच्या वरच्या बाजूस पाहा.' वरच्या बाजूला घडी असते. घडी उलगडावी तर ठिपक्याठिपक्यांची एक ओळ दिसते आणि तिचा निम्मा भाग चिकटवलेल्या पट्टीत गडप झालेला असतो. महिना कळतो, वर्ष कळत नाही. पोह्यांच्या बाबतीत वर्ष जास्त महत्त्वाचं, असं माझं मत आहे.

तारखेनंतर किंमत. पूर्वी चहा, बिस्किटं, खाद्यतेल अशा बऱ्याच वस्तूंच्या पाकिटांची वजनं नियमानेच बांधून दिलेली होती. 2021 साली वैध मापनाच्या नियमांत दुरुस्ती झाली, ती यादी गेली आणि कंपन्यांना हवं तेवढं वजन भरायची मुभा मिळाली. तेव्हापासून तेलाची एक पिशवी 1 लिटरची, म्हणजे साधारण 910 ग्रॅम, तर तिच्या शेजारची तेवढीच गुबगुबीत पिशवी 870 ग्रॅमची. ग्राहकाचा गोंधळ होऊ नये म्हणून सरकारने एक सोयही केली. पाकिटावर एका ग्रॅमची किंवा एका किलोची किंमत छापणं सक्तीचं केलं. पाकीट किलोच्या आतलं असेल तर ग्रॅमचा भाव, किलोच्या वरचं असेल तर किलोचा, आणि तोही दोन दशांश स्थळांपर्यंतच.

आता ही सोय वापरून बघा. अर्धा किलो पोहे 33 रुपयांना, शेजारचं 400 ग्रॅमचं पाकीट 29 रुपयांना. दोन्हींवर छापलंय, ग्रॅमला 0.07 रुपये. किलोमागे साडेसहा रुपयांचा फरक दशांश चिन्हाच्या पलीकडे जाऊन बसला. सासूबाई माझ्याबरोबर होत्या. त्यांनी भिंग लावून ते वाचलं.

"शून्य पूर्णांक शून्य सात म्हणजे किती गं?"

"सात पैसे ग्रॅम, आई."

"ग्रॅमने पोहे कोण घेतं? सोनाराकडे आलोय का आपण?" असं म्हणून त्यांनी दोन्ही पाकिटं हातात धरून अंदाजाने तोलली आणि डावीकडचं ट्रॉलीत टाकलं. ते स्वस्त निघालं. नियम करणाऱ्यांनी त्यांना एकदा भेटावं.

बिलाच्या रांगेबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. मोबाइल नंबर सांगावा लागतो, सांगितला नाही तर काउंटरवरची मुलगी दुखावते, पिशवीचे वेगळे पैसे पडतात आणि आत्ताच समोर बनलेलं बिल दारावरचा माणूस पुन्हा तपासून त्याला भोक पाडतो. हे सगळं मी सोसते, कारण खरी परीक्षा घरी ओट्यापाशी सुरू होते, हे मला ठाऊक असतं.

पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक बाण असतो, बाजूला कात्रीचं चित्र आणि 'येथून फाडावे' ही सूचना. सूचनेत फाडावे, चित्रात कात्री. म्हणजे छापणाऱ्यालाही खात्री नाही. आधी दोन बोटांच्या चिमटीने प्रयत्न होतो. मग बोटं ओढणीला पुसून पुन्हा. मग दात, आणि लगेच आतून सासूबाईंचा आवाज, "दातांनी नको." त्यांना भिंतीपलीकडून कसं दिसतं हे कोडं आहे. मग कात्रीचा शोध. आमच्याकडे स्वयंपाकघरातली कात्री कधीच स्वयंपाकघरात नसते, ती लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टवर गेलेली असते. कपाटात शिवणाची मोठी कात्री असते, पण तिला हात लावायची परवानगी नाही. ती कापडाची कात्री आहे आणि प्लॅस्टिकला लावली की तिची धार जाते, हा आमच्या घराण्याचा कायदा. शेवटी सुरी. सुरीने पाकीट उघडतं, पण सुरी जिथून सांगाल तिथून उघडेलच असं नाही.

नवऱ्याची पद्धत वेगळी. तो कात्री शोधत नाही, कारण कात्री शोधणं त्याला कमीपणाचं वाटतं. तो पाकिटाच्या दोन्ही बाजू मुठीत धरतो, श्वास घेतो आणि ओढतो. काही क्षण काहीच होत नाही. मग सगळं एकदम होतं. आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी साबुदाणा भिजवायचा होता, तर त्याने अर्धा किलो साबुदाणा असाच उघडला. साबुदाण्याचा गुण असा की तो पडत नाही, पळतो. फ्रिजखाली, गॅसच्या सिलिंडरमागे, बेसिनच्या जाळीत. दिवाळीच्या साफसफाईत त्यातले काही दाणे सापडले, ते अजून पांढरेशुभ्र होते.

असं का होतं, हे मला माझ्या भाच्याने समजावलं. तो सिल्वासाला पाकिटांची फिल्म बनवणाऱ्या कारखान्यात आहे. "मावशी, ते एक प्लॅस्टिक नसतंच. बाहेर पॉलिएस्टर, मधे अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, आत पॉलिथिलीन. बाहेरचा थर बनवताना उभा-आडवा दोन्हीकडे ताणलेला असतो, म्हणून तो लवकर फाटायला सुरुवात करत नाही. पण एकदा का सुरुवात झाली की थांबत नाही. त्यासाठीच कडेला खाच देतात. सगळा जोर त्या एका टोकावर येतो."

"आणि खाच नसेल तर?"

"असते गं. कधीकधी कटिंग सरकतं आणि ती शेजारच्या पाकिटाला जाते."

तेव्हापासून मी विचार करते, की आपल्या पाकिटाची खाच ज्याला गेली, त्याच्याकडे दोन असतील. त्याचं पाकीट दुकानातच उघडत असेल.

तांदळाच्या पोत्याचं दुःख निराळं. त्याचं तोंड मशीनच्या साखळी टाक्याने शिवलेलं असतं. एका बाजूने सरळ टाके, दुसऱ्या बाजूने साखळी. योग्य टोकाचा योग्य धागा ओढला तर सगळी शिवण सर्रकन उसवत जाते, आणि त्या आवाजासारखं सुख नाही. चुकीचं टोक धरलंत तर पहिल्याच टाक्याला गाठ बसते आणि पुढे प्रत्येक टाका वेगळा कापावा लागतो. कोणतं टोक योग्य, हे पोत्यावर लिहायला जागा नसते, कारण तिथे शेताचं, डोंगराचं आणि हसणाऱ्या बाईचं चित्र असतं. 18 जुलै 2022पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्यावर 5 टक्के जीएसटी लागला, तेव्हा काही व्यापाऱ्यांनी 26 किलोची पोती काढली. एक किलो वाढवून कर चुकवायचं डोकं ज्यांच्याकडे आहे, त्यांना धाग्याच्या टोकाला लाल रंग लावायचं सुचत नाही, याचं मला नवल वाटतं.

पुन्हा बंद होणारी पाकिटं हा आणखी एक भाबडा आशावाद. वरची पट्टी फाडताना खालची चेनही तिच्याबरोबर येते, किंवा चेन राहते आणि तिच्या खाचेत मिरचीपूड जाऊन बसते. मग पाकिटाला कपड्यांचा चिमटा लागतो. आमच्या घरात आता रवा, बेसन, शेंगदाणे, धणे सगळे चिमट्यात आहेत आणि गॅलरीतले टॉवेल दर वाऱ्याला खालच्या वहिनींच्या तुळशीवर जाऊन पडतात. त्या वर येऊन देतात, पण त्यांचा चेहरा अलीकडे बदलला आहे.

आता कुणीतरी म्हणेल की पूर्वीची वाण्याची पुडीच बरी. दोरा सोडला की पुडी उघडायची, दोरा रिळाला गुंडाळायचा, कागदावरची निम्मी बातमी वाचायची. खरं आहे. पण त्या बातमीची शाई भज्यांबरोबर पोटात जायची, तिच्यात शिसं असू शकतं, आणि म्हणूनच वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बजावलं आहे. शिवाय आमचा कोपऱ्यावरचा वाणीही आता पातळ पिशवीत साखर भरून तिला अशी गाठ मारतो, की ती गाठ म्हणजे आपलं आणि त्याचं जन्माचं नातं वाटावं.

पिशव्यांमध्ये सरळ स्वभावाची एकच, दुधाची. तिला खाच लागत नाही, सूचना लागत नाही, कोपरा कापला की झालं. सासूबाई तो कोपरा पूर्ण कापत नाहीत, एका कडेने पिशवीलाच लटकता ठेवतात. पिशवी धुतात आणि ओट्यावरच्या टाइल्सना चिकटवून वाळवतात. 2018 साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली आणि दुधाच्या पिशवीसाठी 50 पैसे अनामत ठेवायचं ठरलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आत्ता सुचलं होय यांना?" त्या आधीपासूनच रद्दीवाल्याला पिशव्या किलोवर देत होत्या.

गेल्या महिन्यात भाचा आला तो एक नमुना घेऊन. त्यांच्या कारखान्यात लेझरने रेघ मारलेली नवी फिल्म निघाली होती, तिच्यात भरलेले खारे शेंगदाणे. सगळे ओट्याभोवती जमले. मी सवयीने सुरी काढली होती, त्याने ती बाजूला ठेवली. "नुसतं धर आणि ओढ, मावशी."

धरलं आणि ओढलं. पाकीट एका सरळ रेघेत, आवाज न करता, एक दाणाही न सांडता उघडलं. नवरा "वा!" म्हणाला. लेकीने व्हिडिओ काढला होता, तो इतक्या लवकर संपला म्हणून ती नाराज झाली.

सासूबाईंनी पाकीट हातात घेतलं, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, आतले शेंगदाणे हुंगले आणि भाच्याच्या हातात परत ठेवलं.

"हे आधी कुणीतरी उघडलेलं आहे," त्या म्हणाल्या. "बदलून आण."