षटकारांच्या जत्रेतला एकेरीवाला

मी बेसबॉल बघतो म्हटलं की हमखास ऐकू येतं, "त्यात काय, नुसतं हाणायचं!" त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: इचिरो सुझुकी.

2001 साली तो जपानहून सिअ‍ॅटल मरिनर्सकडे आला तेव्हा अमेरिकेत होमरनची, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकारांची, जत्रा भरली होती. त्याच मोसमात बॅरी बाँड्सने 73 होमरन ठोकले. आणि हा सडपातळ डावखुरा बॅटर चेंडू कुठल्या तरी फटीत सरकवून पहिल्या बेसकडे (पळणाऱ्याच्या पहिल्या थांब्याकडे) पळत सुटायचा. जपानच्या पॅसिफिक लीगमध्ये सलग 7 वर्षं सरासरीत अव्वल, तरी इथे टिकेल का, ही शंका होतीच. पठ्ठ्याने पहिल्याच मोसमात 242 हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठण्याचे फटके) काढले आणि एमव्हीपी (सर्वात मौल्यवान खेळाडू) व सर्वोत्तम नवोदित, दोन्ही किताब उचलले.

फील्डिंगही तशीच. एप्रिल 2001, ओकलंड. ओकलंडचा टेरेन्स लाँग पहिल्या बेसवरून थेट तिसऱ्याकडे निघालेला. उजव्या आउटफील्डमधून इचिरोने चेंडू उचलून असा फेकला की मध्ये टप्पा नाही, झोल नाही, सरळ तिसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये. लाँग बाद. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिलाय हे घरच्यांना विचारू नका.

2004 मध्ये त्याने 262 हिट मारून जॉर्ज सिस्लरचा एका मोसमातला, 1920 पासूनचा 257 चा विक्रम मोडला. त्यातले 225 सिंगल्स, म्हणजे फक्त पहिल्या बेसपर्यंत नेणारे हिट. "नुसते सिंगल्स!" म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला हे पटतच नाही. साधा घरंगळणारा चेंडू शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे) गेला की इतर बॅटर निम्म्यात मान टाकतात. हा मात्र बॅट फिरवता फिरवताच पळायला लागलेला असायचा. पहिला बेस 90 फुटांवर. फील्डरला चेंडू नीट पकडायलाही उसंत नाही, घाई केली की हात चुकलाच. हे असं सलग 10 मोसम, दरवर्षी 200 च्या वर हिट!

जपानचे 1278 आणि अमेरिकेतले 3089 मिळवून 4367, म्हणजे अमेरिकेतला हिटचा विक्रमवीर पीट रोझ याच्या 4256 पेक्षा जास्त, या वादात मी पडत नाही. रणजीच्या धावा आपण कसोटीत कुठे मिळवतो? पण 3089 ची सुरुवात वयाच्या 27 व्या वर्षी झाली, एवढं तरी लक्षात घ्या की राव. 2025 च्या हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मानासाठी) 394 पैकी 393 मतं पडली. तो एक मतदार कोण, देव जाणे.

21 मार्च 2019, टोकियो डोम, शेवटची बॅटिंग. वय 45. चेंडू घरंगळत शॉर्टस्टॉपकडे गेला. इचिरो जीव खाऊन पळाला आणि थोडक्यात बाद झाला.