क्रिस हरली नाही, आणि अ‍ॅलेक्स भंगार नव्हता

रविवारी भाचा जेवणाच्या टेबलावर 'गंडम' या जपानी अ‍ॅनिमेतल्या अ‍ॅलेक्सचं, म्हणजे माणसानं आत बसून चालवायच्या एका महाकाय लढाऊ यंत्राचं मॉडेल जोडत बसला होता. सगळं जोडलं आणि डोकं तेवढं बाजूला ठेवलं. म्हणाला, "हे लावतच नाही, मावशी. शत्रूच्या साध्या झाकू यंत्रानं उडवलंच ना शेवटी! बाई चालवत होती म्हणून." बारा वर्षांचा मुलगा. हे आलं कुठून, तर शाळेच्या ग्रुपवर फिरणाऱ्या 'अमुरोसाठी बनलेले गंडम' या लांबलचक मेसेजमधून. अमुरो म्हणजे मूळ मालिकेचा नायक, गंडम चालवणारा मुलगा. मलाही तो आला होता, तेव्हा मी सोडून दिला. आता नाही सोडणार.

मेसेज म्हणतो, पहिला गंडम बापानं आपल्या गुणी मुलासाठी बनवला. साफ चूक. 1979च्या मालिकेचा पहिलाच भाग बघा. अमुरोचा बाप टेम रे ते यंत्र सैन्यासाठी बनवत होता. अमुरो हल्ल्याच्या धांदलीत हाती लागलेली माहितीपुस्तिका वाचत आत शिरला. पुढे प्राणवायूअभावी मेंदूवर परिणाम झालेला हाच बाप साइड 6 या अंतराळ वसाहतींच्या गटात भेटतो, गंडमला बसव म्हणून एक जुनाट सुटा भाग हातात देतो, आणि अमुरो तो रस्त्यावर आपटतो. असं आहे ते बापलेकांचं.

दुसरं, अमुरो शेवटची लढाई अ‍ॅलेक्समधून लढला म्हणे. अ‍ॅलेक्स त्याच्यापर्यंत कधी पोचलाच नाही! मुळात ही कल्पनाच दहा वर्षांनंतरची, 1989च्या सहा भागांच्या 'वॉर इन द पॉकेट'मधली. शेवटच्या लढाईत, अ बाओआ कू या अंतराळातल्या किल्ल्यावर, अमुरोकडे जुनाच गंडम होता.

अमुरोचा वेग यंत्राला झेपेना, एवढं मात्र खरं, ते मान्य करावं लागेल. तंत्रज्ञ मोस्क हाननं जुन्या गंडमला मॅग्नेट कोटिंग (सांध्यांचं घर्षण कमी करणारा चुंबकी थर) केलं ते त्यासाठीच.

आता ते 'बाई होती म्हणून'. अ‍ॅलेक्स अमुरोसारख्या न्यूटाइपच्या, म्हणजे विलक्षण तीव्र जाणीव असलेल्या माणसाच्या, प्रतिक्रियांना जुळेल असा बनवलेला. क्रिस मॅकेन्झी ही चाचणी वैमानिक. जरा हात हलला की झेप घेणारं यंत्र ताळ्यावर आणणं हे तिचं काम. ते अर्धवट असतानाच झिऑन या शत्रूराष्ट्राचा केम्फर हा लढाऊ यंत्रमानव चालून आला. त्याचे सुरुंग अ‍ॅलेक्सच्या चोभम चिलखतावर फुटले. तिनं फुटलेलं चिलखत झटकलं, हातांत दडवलेल्या गॅटलिंग तोफा उघडल्या आणि केम्फरची चाळण केली. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

आणि सहावा भाग. बर्नी हा झिऑनचा कोवळा, नवखा सैनिक. शाळकरी अलच्या मदतीनं त्यानं मोडका झाकू दुरुस्त केला. अ‍ॅलेक्स नष्ट झाला नाही, तर झिऑनकडून लिबोवर अणुबाँब पडणार होता. लिबो तटस्थ वसाहत, अलचं घर तिथलं, आणि अमुरोच्या बाजूच्या संघराज्यानं अ‍ॅलेक्स लपवला तोही तिथेच. म्हणून बर्नीनं जंगलात धूर आणि सांताक्लॉजचे फुगे सोडून सापळा लावला. कुऱ्हाडीनं अ‍ॅलेक्सचं डोकं तुटलं, पण त्याच क्षणी अ‍ॅलेक्सची तलवार झाकूच्या आरपार गेली. बर्नी मेला. क्रिस जखमी होऊन वाचली. मग 'झाकूनं हरवलं' हे कशाच्या जोरावर?

अणुहल्ला टळल्याचं अलला आधीच कळलं होतं. थांबा, थांबा, असं ओरडत तो धावत होता. लढणाऱ्या दोघांपैकी एकालाही समोर कोण आहे हे माहीत नव्हतं. नंतर हात गळ्यात बांधलेली क्रिस अलला सांगते, मी निघाले, बर्नीला माझा निरोप दे. अल तिला खरं सांगत नाही. ओळखीची माणसं होती ही एकमेकांची. यातून 'कोण भारी'ची यादी काढणाऱ्यांचा मला राग येतो, कारण ती यादी मुलं वाचतात.

शनिवारी भाच्याला सहाही भाग दाखवणार आहे. ग्रुपमधल्या त्याच्या मित्रांनाही बोलावलंय.