खुलासा: 'पीयूसीनंतर जर्मनीत फुकट, थेट प्रवेश' हा मेसेज अर्धवट आहे

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर फिरतंय: 'जर्मनीत शिक्षण फुकट, पीयूसी (म्हणजे बारावी) झाली की कुठल्याही कोर्सला थेट प्रवेश.'

फीचं बरंचसं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठं शिक्षण शुल्क घेत नाहीत. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठराविक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवायचे. याला फुकट कसं म्हणायचं?

खरा घोळ 'थेट'मध्ये आहे. डीएएडी या जर्मन संस्थेच्या साइटवर प्रवेशाचे नियम दिलेत. नुसत्या पीयूसीवर सहसा आधी तिकडं वर्षभराचं श्टुडियनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचा तयारीचा कोर्स, करावं लागतं. इथं डिग्रीचं पहिलं वर्ष पास केलं असेल तर थेट अर्ज चालतो, पण त्याच विषयाला. म्हणजे इथं बीकॉमचं वर्ष काढून तिकडं मेकॅनिकल मागितलं तर मिळणार नाही. म्हणून कोर्स आधी ठरवा, देश मागाहून. बॅचलरचे बहुतेक कोर्स जर्मन भाषेत असतात, हे तर मेसेजमध्ये औषधालाही नाही.

मेसेज टाकणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. तरी तो पुढं पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकलाय तिथं हा खुलासा टाका.